हिचमचा सोमवारचा वर्ग

इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हिचम हे शेतमजुरांचे गाव. तेथील आंग्लिकन धर्मगुरू जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो १८३९ साली धर्मग्रामात कायमच्या वास्तव्यास आले. केंब्रिज विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८३१ मध्ये तरुण चार्ल्स डार्विनचे नाव ‘बीगल’ जहाजावरील सफरीसाठी त्यांनीच सुचविले होते. इतिहासाने त्यांना बहुधा एवढ्यापुरतेच लक्षात ठेवले. त्यांचा पंथ आपला नव्हे. पण धर्मग्रामाची शाळा चालविणाऱ्या कोणाही धर्मगुरूला त्यांचे दुसरे कार्य अधिक जवळचे वाटेल.

१८४१ साली हेन्स्लो यांनी गावात शाळा उभारली. पुढे १८५० नंतरच्या दशकात दर सोमवारी दुपारी ते स्वतः मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. या वर्गाला येण्याची सक्ती नव्हती. मात्र प्रवेशासाठी एक अट होती. शास्त्रातील काही अवघड शब्द बिनचूक लिहिता आले पाहिजेत. मजुरांच्या लेकरांना असले शब्द कशाला, असे आपल्याला वाटेल. मुलांनी मात्र ते शब्द आत्मसात केले, आणि मग खरा अभ्यास सुरू झाला.

मुले शेताच्या बांधावरून, रानातून फुले आणीत. फूल उलगडून त्याचा एकेक भाग वेगळा करावयाचा आणि हेन्स्लो यांनी आखलेला तक्ता भरावयाचा, ही तेथील रीत. पाकळ्या किती? त्या सुट्या की जोडलेल्या? पुंकेसर किती, आणि ते कशाला चिकटलेले आहेत? वाचकांनी आपल्या अंगणातील जास्वंद घेऊन पाहावी. पाकळ्या पाच भरतील. पुंकेसर मात्र एका नळीत एकत्र आलेले दिसतील आणि त्या नळीतून स्त्रीकेसराची टोके बाहेर डोकावताना आढळतील. हे सारे फुलातच वाचावयाचे असते. उत्तर चुकले, तर गुरुजींच्या तोंडाकडे न पाहता पुन्हा फुलाकडे पाहावयाचे. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती प्रमाण देणारी ही पद्धत होती. आपण धर्मशिक्षणाच्या वर्गातसुद्धा वर्षानुवर्षे प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली, हे येथे मोकळेपणाने कबूल करावेसे वाटते.

हॅम्पशायरमधील किंग्ज सॉम्बोर्न येथे रिचर्ड डॉज हे दुसरे आंग्लिकन धर्मगुरू अशाच वाटेने चालले होते. १८४२ साली उघडलेल्या त्यांच्या शाळेत घरातील नित्याच्या वस्तूंतून विज्ञान शिकविले जाई, आणि शेतकऱ्यांची व मजुरांची मुले एकत्र शिकत.

हेन्स्लो १८६१ च्या मे महिन्यात निवर्तले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट लो यांची सुधारित शिक्षणसंहिता अंमलात आली. तिच्यानुसार शाळेचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांची वार्षिक परीक्षा यांवर ठरू लागले. सहा वर्षांवरील मूल एका विषयात नापास झाले की शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स बुडत. फुलांच्या तक्त्याला एक पेनीही मिळत नव्हती. मग शिक्षकाने आपला वेळ कोठे खर्चावा? त्याला दोष देणे मला न्यायाचे वाटत नाही. त्याची भाकरी त्या आकड्यांना बांधली गेली होती. शालेय निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी या पद्धतीला उघड विरोध केला, पण ती शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत टिकली. आपल्या मुंबई इलाख्यातही त्याच शतकात परीक्षेच्या निकालावर शाळांना अनुदान देण्याची प्रथा होती, आणि १८८२ च्या हंटर आयोगाला तिचा विचार करावा लागला.

हेन्स्लो यांच्या मागे राहिलेल्या हस्तलिखितांच्या आधारे डॅनियल ऑलिव्हर यांनी १८६४ साली वनस्पतिशास्त्राचे प्राथमिक पुस्तक प्रसिद्ध केले. फुलांचे तसे तक्ते त्यात आहेत. मजुरांच्या मुलांनी ते शाळेत भरावेत, यासाठी सरकारचे अनुदान तेव्हा नव्हते.