नको तेच विचार मनात का येतात? तीनशे वर्षांची एक गोष्ट

बाळाला अंघोळ घालताना आईच्या मनात अचानक येते, 'मीच याला पाण्यात सोडले तर?' ती शहारते. दुसऱ्या दिवसापासून अंघोळीचे काम सासूबाईंकडे जाते. कारण मात्र ती कोणालाच सांगत नाही. एखादा भाविक देवासमोर हात जोडतो आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या मनात देवाबद्दल अर्वाच्य शब्द येतात. तो कानाला खडा लावतो, क्षमा मागतो, पुन्हा हात जोडतो. शब्द पुन्हा येतात.

तुमच्या बाबतीत असे काही घडत असेल, तर 'मी वाईट आहे' किंवा 'मला वेड लागतंय' असे ठरवण्याआधी ही गोष्ट वाचा.

धर्मगुरूंचे निरीक्षण

मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही, ही अर्जुनाची तक्रार आपल्याला ठाऊक आहे. इंग्लंडमधील नॉर्विचचे बिशप जॉन मूर यांच्याकडेही अशी तक्रार घेऊन माणसे येत. ही माणसे श्रद्धाळू आणि सरळमार्गी होती, पण प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या मनात ईश्वरनिंदा येई. १६९२ साली छापलेल्या प्रवचनात मूर यांनी दोन गोष्टी नोंदवल्या. हे विचार थांबवणे त्या माणसांच्या हातात नसते आणि जितके झगडावे तितके ते वाढतात. मूर यांनी या लोकांना पापी ठरवले नाही. हा त्रास म्हणजे एक आजार आहे, असे त्यांचे मत होते.

डॉक्टरांकडे आलेला प्रश्न

बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७७ मध्ये या त्रासाची वैद्यकीय व्याख्या केली. बुद्धी शाबूत असते, विचार निरर्थक आहे हे रुग्णाला कळत असते, तरीही तो विचार इच्छेविरुद्ध मनात घुसतो. आज आपण ज्याला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, म्हणतो त्याचे हे सुरुवातीचे नेमके वर्णन.

मग उपचार काय? १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी आपल्या पुस्तकात एक पद्धत सांगितली. रुग्णाने डोळे मिटून नको असलेला विचार मनात आणायचा, डॉक्टरांनी मोठ्याने 'थांब!' म्हणून ओरडायचे आणि पुढे रुग्णाने हेच मनातल्या मनात करायचे. काहींनी मनगटाला रबरबँड बांधून, विचार आला की तो ताणून सोडायचा सल्लाही दिला. विचार तेवढ्यापुरता थांबे, पण पुन्हा परत येई.

पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग

१९८७ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, "पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच, तर घंटी वाजवा." घंट्या वाजत राहिल्या. नंतर त्यांना अस्वलाचा विचार करण्याची मुभा दिली, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला नव्हता त्यांच्यापेक्षा या मुलांच्या मनात तो जास्त वेळा आला.

वेग्नर यांनी याचे कारण असे सांगितले. विचार टाळताना मनाचा एक भाग दुसरीकडे लक्ष वळवतो, तर दुसरा भाग 'तो विचार आला नाही ना?' म्हणून पहारा देतो. पण पहारेकऱ्याला चोर ओळखायचा, तर चोराचा चेहरा सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो! मूर यांनी जे पाहिले होते, त्याचा खुलासा मिळायला सुमारे तीनशे वर्षे लागली.

मग उपाय काय?

दोन महत्त्वाच्या गोष्टी त्याआधीच पुढे आल्या होत्या. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा यांनी कोणताही आजार नसलेल्या लोकांना विचारले, तेव्हा बहुतेकांनी असे नकोसे विचार येतात हे मान्य केले. त्यांचे विचार रुग्णांच्या विचारांसारखेच होते. फरक हा, की निरोगी माणूस 'काहीतरीच!' म्हणून पुढे जातो, तर रुग्ण त्या विचाराला स्वतःच्या स्वभावाचा पुरावा समजतो.

१९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्ण महिलांवरील उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी विचार थांबवायला सांगितलेच नाही. भीती वाटेल अशा गोष्टीला सामोरे जायचे, पण नंतर हात धुणे किंवा तीच कृती पुन्हापुन्हा करणे टाळायचे. भीती हळूहळू ओसरली आणि त्या कृतीही बऱ्याच कमी झाल्या. आजच्या वर्तनोपचाराचा पाया हाच आहे. गरज पडल्यास जोडीला औषधेही देता येतात.

म्हणून विचार आला की त्याच्याशी भांडू नका. 'हा फक्त विचार आहे' असे म्हणा आणि हातातले काम चालू ठेवा. त्या आईला विचाराची किळस येते, भीती वाटते. कारण तो तिच्या मायेच्या अगदी विरुद्ध असतो. तो आला म्हणून ती तसे करेल, असे नाही.

मात्र विचार दिवसाचा बराच वेळ खात असतील, कामे टाळली जात असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. आवाज ऐकू येत असतील, 'असे केलेच पाहिजे' असे वाटू लागले असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर हा वेगळा आणि तातडीचा प्रश्न आहे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

जे आजवर कोणालाच सांगितले नाही, ते डॉक्टरांना सांगायला लाजू नका. तुमच्याआधी अनेकांनी ते सांगितले आहे.