रिकाम्या जागेची भीती

5 एप्रिल 1933. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातले बार्न्स रुग्णालय. टेबलावरचा रुग्ण स्वतः डॉक्टर होता, पिट्सबर्गचा 48 वर्षांचा प्रसूतितज्ज्ञ. डाव्या फुफ्फुसात कर्करोग. शल्यविशारद एव्हार्ट्स ग्रॅहम यांचा बेत फुफ्फुसाचा एक खंड काढण्याचा होता; पण छाती उघडल्यावर दिसले, की गाठ अशा जागी आहे की तेवढ्याने भागणार नाही. त्यांनी अख्खे डावे फुफ्फुस काढले. दोन वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी एका मुलीचे फुफ्फुस काढले होते, पण ते दोन टप्प्यांत, आणि दुखणेही कर्करोगाचे नव्हते.

या शस्त्रक्रियेचे वर्णन करणारे बहुतेक लोक इथे थांबतात. मला महत्त्वाचे वाटते ते ग्रॅहम यांनी त्यानंतर केलेले काम. त्यांनी त्या बाजूच्या बरगड्याही काढल्या, छातीची भिंत आत बसावी म्हणून. फुफ्फुस गेल्यावर उरलेली पोकळी त्यांना नको होती. ही भीती अनाठायी नव्हती. पहिल्या महायुद्धात लष्करी छावण्यांमध्ये न्यूमोनियानंतर छातीत पू होऊन सैनिक मरत होते. त्यावर नेमलेल्या आयोगात ग्रॅहम होते. पू काढण्यासाठी छाती घाईने उघडली की हवा आत शिरते आणि रुग्ण दगावतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. छातीतली पोकळी म्हणजे काय, हे त्या काळी त्यांच्याइतके जाणणारे थोडेच असतील.

गंमत अशी, की पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांनी या पोकळीची दुसरी बाजू पुढे आणली. उंदराचे एक फुफ्फुस काढले तर दुसरे वाढते. पण रिकामी जागा मेणाने भरून टाकली तर ही वाढ खुंटते. मोकळी जागा मिळाली की उरलेले फुफ्फुस ताणले जाते, आणि तो ताणच पेशींना वाढण्याची खूण देतो. अमेरिकेत डॅलसला कुत्र्यांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात आणखी एक बारकावा दिसला. प्रौढ कुत्र्याचे डावे, म्हणजे लहान फुफ्फुस काढले तर नवी ऊती फारशी तयार होत नाही. उजवे, म्हणजे निम्म्याहून अधिक भाग काढला, की होते. नुकसान एका मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय शरीर हे काम हाती घेत नाही.

माणसाबाबत मात्र पाठ्यपुस्तके ठाम होती : वायुकोश बालपणी तयार होतात, मग आहेत त्यांवरच आयुष्य काढायचे. प्रौढ फुफ्फुसात सरासरी 48 कोटी वायुकोश असतात. त्यांचे अस्तर दोन प्रकारच्या पेशींचे. चपट्या पेशी जवळजवळ सगळा पृष्ठभाग व्यापतात. कोपऱ्यात बसलेल्या गुबगुबीत पेशी वायुकोश मिटू न देणारा स्राव तयार करतात. 1970च्या दशकात उंदरांना नायट्रोजन डायऑक्साइड हुंगवून चपट्या पेशी मारल्या, तेव्हा या कोपऱ्यातल्या पेशीच विभागून चपट्या झाल्या आणि भगदाडे बुजली. म्हणजे डागडुजीचा कारागीर घरातच होता.

माणसातला पुरावा यायला 2012 उजाडले. 1995 साली, वयाच्या 33व्या वर्षी, कर्करोगामुळे उजवे फुफ्फुस गमावलेल्या एका स्त्रीची ही हकीकत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. शस्त्रक्रियेनंतर तिची श्वासक्षमता अपेक्षेप्रमाणे घसरली, पण पुढच्या पंधरा वर्षांत ती वाढत गेली. हेलियम वायू हुंगवून केलेल्या एमआरआयने दाखवले, की जुने वायुकोश नुसते फुगलेले नाहीत, त्यांची संख्या वाढली आहे. फक्त ते नेहमीपेक्षा उथळ आहेत.

इथे आनंदाने टाळ्या वाजवण्याचा मोह होतो, वर्तमानपत्रांना तर होतोच. पण त्या स्त्रीचे उरलेले फुफ्फुस निरोगी होते. निरोगी फुफ्फुस वाढणे वेगळे आणि व्रणांनी कडक झालेले फुफ्फुस पुन्हा मऊ होणे वेगळे. 2020च्या सुमारास उंदरांवरील अभ्यासांत दिसले, की कोपऱ्यातली पेशी चपटी होता होता एका मधल्या अवस्थेतून जाते. फुफ्फुसांत व्रण साठत जाणाऱ्या माणसांच्या ऊतींतही तशाच पेशी सापडल्या, जणू वाटेतच अडकून पडलेल्या. त्यांना पुढे कसे सरकवायचे, यावर आजचे बरेचसे संशोधन चालू आहे.

ग्रॅहम यांनी 1950 साली अर्न्स्ट वाइंडर या विद्यार्थ्याबरोबर 684 रुग्णांचा अभ्यास छापून सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. ते स्वतः अट्टल धूम्रपान करणारे. 1957 साली ते त्याच कर्करोगाने गेले. तो दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता, काढण्यासारखे काही उरले नव्हते. पिट्सबर्गचा तो डॉक्टर एका फुफ्फुसावर 1963पर्यंत जगला. जिवंत माणसाचे वायुकोश मोजू शकणारे यंत्र तेव्हा जगात कुठेच नव्हते.