सर्पगंधेची मुळी आणि कान पाडून बसलेले ससे

औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद असतो. त्यावरचे दुष्परिणाम वाचून आपण धास्तावतो आणि कागद पुन्हा घडी करून ठेवून देतो. अशाच काही दुष्परिणामांमागे शास्त्रज्ञ लागले तेव्हा काय हाती आले, ते आपण पाहू.

सर्पगंधा हे लहानसे झुडूप. बिहारमध्ये तिच्या मुळीला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदवले, की मुळीने रोगी शांत होतो आणि त्याचा रक्तदाबही उतरतो. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रोग्यांवरचे आपले अनुभव १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. तेव्हा वाढलेल्या रक्तदाबावर उपाय तरी कोणते होते? बिनमिठाचा भात आणि फळे एवढ्यावरच राहायचे, नाहीतर शस्त्रक्रियेने नसा कापून घ्यायच्या! १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन वेगळे केले आणि ते जगभर गेले.

मग तक्रारी येऊ लागल्या. नाक चोंदते, पेंग येते. काहीजण खोल उदासीनतेत गेले. मनोरुग्णांना मोठी मात्रा दिली, तर कंपवातासारखे हातपाय कापत, ताठरत.

असे का व्हावे? मज्जातंतूंच्या टोकांशी निरोप पोचवणारी रसायने साठवलेली असतात. रेसर्पिन ही कोठारे रिकामी करते. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या तंतूंपाशी निरोपच उरत नाही, वाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. पण मेंदूतली कोठारेही त्याच रीतीने रिकामी होतात. म्हणजे गुण आणि दोष ही दोन कामे नव्हेतच; एकच काम दोन ठिकाणी चालते.

स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांनी एल-डोपा टोचले, तसे थोड्याच वेळात ते हिंडूफिरू लागले. हे १९५७ सालचे. १९६० मध्ये कंपवाताने मेलेल्या रोग्यांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचे व्हिएन्नात आढळले आणि एल-डोपा हे कंपवाताचे औषध झाले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

उदासीनतेचे कोडे मात्र इतके सरळ सुटले नाही. रेसर्पिनच्या अनुभवावरून, मेंदूतली ही रसायने घटली की माणूस उदास होतो, अशी कल्पना रूढ झाली. पण १९५५ मध्येच लंडनच्या एका चाचणीत चिंतेने ग्रासलेल्या उदास रोग्यांना रेसर्पिनने उलट बरे वाटले होते. त्या चाचणीकडे बरीच वर्षे फारसे कोणी वळून पाहिले नाही.