दिनविशेष : 23 सप्टेंबर
असईला मॅक्सवेल पडला

1803 साली आजच्या दिवशी, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, असईपाशी (आता जालना जिल्हा) शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. 19व्या लाइट ड्रॅगून्सचा लेफ्टनंट कर्नल पॅट्रिक मॅक्सवेल इंग्रजी घोडदळाचा प्रमुख होता. तोफांच्या माऱ्यात सापडलेले 74वे हायलँडर्स त्याच्या हल्ल्यामुळे वाचले. संध्याकाळच्या शेवटच्या हल्ल्यात मात्र तो स्वतःच ठार झाला.

वेलस्ली जिंकला. पुढे वॉटर्लू गाजवूनही आपली सर्वांत चांगली लढाई तो असईच सांगे. त्यातली निम्मी पावती शिंद्यांच्या गोलंदाजांना द्यायला हवी. तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिलेले हे लोक इंग्रज पुढे सरकताच उठले आणि त्यांच्याच पाठीवर तोफा डागू लागले. मॅक्सवेलचे नाव इतिहासात राहिले, यांच्यापैकी एकाचेही नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यांवरून जालना रस्त्याने रोज हजारो गाड्या जातात, असईकडे वळणाऱ्या थोड्याच. भारतीय लष्करातल्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावर मात्र असईचा हत्ती आजही आहे. मराठ्यांच्या पराभवाची ती खूण.