एस्कडेलम्यूरचा कंपनांचा कोटा
दक्षिण स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर वेधशाळेसाठी निवडले गेले ते तिथल्या निवांतपणामुळे. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील चुंबकीय नोंदी विजेच्या ट्रामगाड्यांनी बिघडू लागल्या, म्हणून ते काम इकडे हलवले. नवी वेधशाळा 1908 मध्ये सुरू झाली. 1962 मध्ये जवळच्याच माळावर ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाने भूकंपमापकांच्या दोन लांबलचक रांगा मांडल्या. खरा रोख भूकंपांपेक्षा दूरदेशीच्या भूमिगत अणुचाचण्यांवर होता. याच धर्तीची रचना पुढे कर्नाटकात गौरीबिदनूरला झाली. ती मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र चालवते.

मग एस्कडेलम्यूरच्या परिसरात आल्या पवनचक्क्या. प्रत्येक पाते मनोऱ्यासमोरून जाताना त्याला हलकासा हिसका बसतो, मनोरा डोलतो आणि ते डोलणे पायातून जमिनीत उतरते. ही कंपने माणसाला जाणवतही नाहीत, पण अणुस्फोटाच्या लहरी ज्या वारंवारितेत शोधायच्या, नेमक्या त्याच पट्ट्यात ती येतात. वारा वाढला की तीही वाढतात.

कील विद्यापीठाच्या 2005 च्या अभ्यासानंतर एस्कडेलम्यूरच्या भूकंपमापकांपासून 10 किलोमीटरच्या आत पवनचक्कीला मज्जाव झाला. 50 किलोमीटरपर्यंतच्या सर्व प्रकल्पांच्या एकत्रित कंपनांवर 0.336 नॅनोमीटरची मर्यादा आली. म्हणजे कंपनांचाही कोटा! पहिल्या अर्जदारांनीच तो संपवला. त्यानंतरच्या प्रस्तावांना संरक्षण मंत्रालय हरकत घेऊ लागले आणि भरपूर वाऱ्याच्या या टेकड्यांवरचे कित्येक प्रकल्प रखडले.