येडा, मतिमंद आणि सिकंदराबादची एक पुस्तिका

आमच्या वाशीत बौद्धिक दिव्यांग मुलासाठी अजूनही दोनच शब्द आहेत. चांगल्या मनाची माणसं 'भोळा' म्हणतात, बाकीचे 'येडा'. पण त्यावरून गावाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कायद्याची भाषाही हीच होती. 1912 च्या इंडियन लुनसी अ‍ॅक्टने बुद्धीची वाढ न झालेला माणूस आणि मनोरुग्ण यांना एकाच व्याख्येत कोंबलं होतं. ही गाठ सुटली 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात. मतिमंदत्व हा मानसिक आजार नव्हे, हे तेव्हा कागदावर आलं. हनफी फिकहच्या ग्रंथांत मात्र 'मजनून' आणि 'मातूह' हे शब्द शतकांपूर्वीच वेगळे आहेत. हा फरक ग्रंथात राहिला, मोहल्ल्यात उतरला नाही.

महाराष्ट्रात अशा मुलांच्या शाळेचा इतिहास 1944 पासून सांगावा लागतो. मुंबईत होरमसजी आणि जेरबानू वकील या पारशी दांपत्याने आपल्या दीना या लेकीसाठी सुरू केलेली शाळा आज 'जय वकील' म्हणून ओळखली जाते. पुण्यात 1964 मध्ये 'कामायनी' सुरू झाली. दोन्ही शहरं आमच्यापासून लांब.

शिकवण्याची पद्धत अमेरिकेतून आली. 1949 मध्ये पॉल फुलर या संशोधकाने अंथरुणाला खिळलेल्या, काहीच शिकू शकणार नाही असं डॉक्टरांनी ठरवलेल्या अठरा वर्षांच्या मुलावर प्रयोग केला. मुलाने उजवा हात हलवला की तोंडात थोडं कोमट, साखर घातलेलं दूध. थोड्याच बैठकांत तो हात मुद्दाम हलवू लागला. या शास्त्राची काळी बाजूही आहे. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात लोवास यांनी स्वमग्न मुलांना विजेचे झटकेसुद्धा दिले. शास्त्र म्हटलं की मान डोलावणाऱ्यांनी हे विसरू नये.

आपल्या भागाला जवळची गोष्ट पुढची आहे. 1948 पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, हैदराबाद हीच राजधानी. राज्य गेलं, नातं उरलं. त्याच हैदराबादेला लागून असलेल्या सिकंदराबादेत 1984 मध्ये केंद्र सरकारने मतिमंदांसाठी राष्ट्रीय संस्था उभी केली. तिथल्या रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी 1992 मध्ये शिक्षकांसाठी वर्तन-पद्धतीची पुस्तिका आणि भारतीय मुलांसाठी एक मापनश्रेणी तयार केली. श्रेणीत 280 कौशल्यं आणि 75 त्रासदायक वर्तनं आहेत. मूल काय काय करू शकतं याची यादी खोड्यांच्या यादीपेक्षा जवळपास चौपट लांब, हे मला फार आवडलं.

पद्धत साधी आहे, पण चिकाटी मागते. मूल डोकं आपटतं. त्याच्या आधी काय झालं, नंतर त्याला काय मिळालं, हे रोज वहीत लिहायचं. एका आईने मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, "मेरा बच्चा पागल नै है, सर, उसकू बोलता नै आता." वर्तन विश्लेषक पंधरा दिवस नोंदी ठेवून ज्या निष्कर्षाला येतो, तो तिच्याकडे आधीच होता. पुढची पायरी म्हणजे आपटण्याऐवजी पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवायला शिकवणं, आणि बोट दाखवताच पाणी देणं. सदऱ्याचं बटण लावणंही तसंच: सगळी बटणं आपण लावायची, शेवटचं त्याच्यासाठी सोडायचं, मग शेवटची दोन.

या कामाचं पगारी, प्रशिक्षित माणूस पुण्या-मुंबईत सापडतं. तालुक्याला भार पडतो समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकावर. तो एका गावात पोहोचेपर्यंत दुसऱ्या गावातलं मूल शिकलेलं विसरलेलं असतं. म्हणून माझ्यासारख्या बी.एड. झालेल्या साध्या शिक्षकाने, मराठीचा असो की उर्दूचा, ही वही शिकून घ्यावी असं मला वाटतं.

आणि मूल अठराचं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. वाटणीचा कागद होण्याआधी तो अर्ज धाराशिवला गेलेला बरा.