'गर्दी' : एका शब्दाची कुळकथा

सिंहस्थाच्या पर्वणीस नाशिकच्या रामकुंडावर जो जनसमुदाय लोटतो, त्याचें वर्णन मराठी माणूस 'गर्दी' या एकाच शब्दानें करतो. पेशवाईंतील नाशिककराच्या कानीं हा शब्द पडला असता, तर त्यानें आधीं वाड्याचा दरवाजा लावून घेतला असता. कारण त्या काळीं गर्दी म्हणजे मुख्यतः दंगा, बंडाळी, उलथापालथ.

शब्द मूळचा फारसी. 'गर्दीदन' म्हणजे फिरणें, पालटणें. भाषाशास्त्राप्रमाणें याचें मूळ आणि संस्कृतांतील 'वृत्' धातूचें मूळ एकच. म्हणजे आपलें 'परिवर्तन' आणि ही 'गर्दी' हीं दूरचीं भावंडेंच होत. राज्याचें चक्र उलटें फिरलें कीं ती गर्दी. १७३९ सालीं नादिरशहानें दिल्ली लुटली, ती 'नादिरगर्दी'; १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या फौजेची वाताहत झाली, ती 'भाऊगर्दी'.

या शब्दाचा दाह जिनें सोसला, ती एक माता नाशिकजवळच राहिली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यांत गोदातीरीं गंगापुरास राहत. त्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव भाऊगर्दींत पडले. माधवरावांस १७७२ सालीं क्षयानें नेलें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्याच्या शनिवारवाड्यांत गारद्यांनीं गर्दी केली आणि अठरा वर्षांच्या नारायणरावांचा खून झाला. 'गारदी' व 'गर्दी' यांचें ध्वनिसाम्य मात्र फसवें आहे. 'गारदी' हा शब्द पहारा या अर्थाच्या युरोपीय 'गार्द'वरून आला. ज्या रघुनाथरावांवर या खुनाचा ठपका आला, त्यांची आनंदवल्ली गंगापुराहून नाशकास येतांना वाटेंतच लागते.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. दरबारचीं बंडें सरलीं, शब्द तेवढा मागें उरला. त्यांतील दंगा हळूहळू गळून गेला व दाटी शिल्लक राहिली. 'भाऊगर्दी'चें तर आज कोणास वाईटही वाटत नाहीं. सभेंत वक्ते फार झाले तरी ती भाऊगर्दीच होते!

तथापि जुना अर्थ समूळ गेला, असें म्हणवत नाहीं. २७ ऑगस्ट २००३ रोजीं, सिंहस्थाच्या पर्वणीस, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर लोंढा अडला आणि चेंगरून ३९ जण मृत्युमुखीं पडले. तेथें शत्रु नव्हता, बंड नव्हतें. सारे स्नानासाठींच आले होते. सकाळची दाटी क्षणांत पालटली, आणि पेशवाईंतील नाशिककर ज्या शब्दानें दचकला असता, तोच शब्द त्या दिवशीं नाशिकच्या घराघरांत भीतीनें उच्चारला गेला.